वनस्पतींतले पॉलिसॅकराइड आणि मधुमेह: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

टाइप २ मधुमेह असलेले लोक, त्यांच्या घरचे आणि 'नैसर्गिक उपाय' शोधताना गोंधळून गेलेले वाचक यांच्यासाठी हे पान आहे. इथली माहिती डॉक्टरांच्या सल्ल्याऐवजी वापरू नका. त्यांच्याकडे जाताना काय विचारायचं, हे मात्र इथून घेऊन जाता येईल.

पॉलिसॅकराइड म्हणजे साखरेचीच साखळी ना? मग मधुमेहात ती कशी चालेल?

साखळी साखरेचीच, पण कड्या कशा जोडल्यात यावर सगळं ठरतं. स्टार्च आणि सेल्युलोज, दोन्ही निव्वळ ग्लुकोजचे बनलेले. स्टार्चमध्ये ग्लुकोजचे रेणू अल्फा बंधांनी जोडलेले असतात. लाळेतलं आणि स्वादुपिंडातलं अमायलेज हे बंध भराभर तोडतं आणि तासाभरात ती साखर रक्तात दिसायला लागते. सेल्युलोजमध्ये तेच रेणू बीटा बंधांनी जोडलेले असतात, आणि तो बंध तोडणारं एन्झाइम माणसाच्या शरीरात नाहीच. म्हणून स्टार्चमधून भरपूर ग्लुकोज मिळतं आणि सेल्युलोजमधून काहीच नाही.

मधुमेहाच्या संदर्भात ज्यांचा अभ्यास होतो ते बहुतेक पॉलिसॅकराइड या दुसऱ्या प्रकारचे, म्हणजे आपल्या पचनरसांना दाद न देणारे. त्यांतले काही पाण्यात विरघळून घट्ट, बुळबुळीत होतात, काही होत नाहीत. हा फरक लक्षात ठेवा, पुढे तो वारंवार लागणार आहे.

कोणकोणत्या वनस्पतींचा यात विचार होतो?

मी त्यांचे दोन गट करतो. पहिल्या गटात ओट्स आणि जवातलं बीटा-ग्लुकन, इसबगोलाच्या सालीतलं अरॅबिनोझायलन, मेथी आणि गवारीच्या बियांतलं गॅलॅक्टोमॅनन, कोंजॅकच्या कंदातलं ग्लुकोमॅनन, फळांतलं पेक्टिन आणि चिकोरीच्या मुळातलं इन्युलिन. हे सगळे ग्रॅममध्ये खायचे असतात आणि यांच्यावर माणसांमध्ये अनेक वर्षं चाचण्या झाल्या आहेत.

दुसऱ्या गटात अ‍ॅस्ट्रॅगॅलस (चिनी औषधांतलं एक मूळ), जिनसेंग, गोजी बेरी, तुतीची आणि चहाची पानं, कारलं, भेंडी, कोरफड वगैरे. यांचे अर्क काढून मिलिग्रॅममध्ये विकले जातात आणि यांच्यावरचं बहुतेक संशोधन परीक्षानळीत किंवा उंदरांवर झालेलं आहे. जाहिराती मात्र जास्त करून याच गटाच्या दिसतात.

अळंबी आणि समुद्री शेवाळ यांचीही नावं या यादीत घुसडली जातात. अळंबी ही बुरशी, आणि ज्यांच्यापासून अल्जिनेट मिळतं ती तपकिरी शेवाळंही काटेकोर अर्थाने वनस्पती नव्हेत. त्यामुळे त्यांचा विचार इथे केलेला नाही.

पोटात गेल्यावर हे नेमकं करतात काय?

एक चमचा इसबगोल ग्लासभर पाण्यात ढवळून ठेवा आणि दहा मिनिटांनी ग्लास तिरका करून बघा. पाणी वाहत नाही, गोळा सरकतो. जठरात साधारण हेच घडतं, फक्त त्या गोळ्यात जेवलेलं अन्नही अडकलेलं असतं.

अन्न असं घट्ट झालं की जठर ते लहान आतड्यात हळूहळू सोडतं. आतड्यात उतरल्यावर अमायलेजला त्या गोळ्यात शिरून स्टार्चपर्यंत पोचायला वेळ लागतो. स्टार्च तुटून ग्लुकोज मोकळं झालं तरी ते आतड्याच्या भिंतीपर्यंत सहज सरकत नाही, कारण घट्ट द्रवात रेणूंची हालचाल मंदावते. एकूण शोषलं जाणारं ग्लुकोज फारसं कमी होत नाही, पण ते एकदम न येता रेंगाळत येतं. ज्यांचं स्वादुपिंड जेवणानंतर झटकन पुरेसं इन्सुलिन सोडू शकत नाही त्यांच्या दृष्टीने हा उशीर फार मोलाचा असतो.

हा घट्टपणाच महत्त्वाचा आहे हे डेव्हिड जेंकिन्स आणि सहकाऱ्यांनी १९७८ मध्ये फार सोप्या पद्धतीने दाखवलं. त्यांनी लोकांना ग्लुकोजच्या पाण्याबरोबर वेगवेगळे तंतू दिले. जो जितका चिकट, तितका साखरेचा उंचवटा बसका. त्यांत गवार गम सर्वांत प्रभावी ठरला. मग तोच गवार गम आधी तोडून, त्याचा चिकटपणा घालवून दिला, तर परिणाम नाहीसा झाला. साखरेचे रेणू तेच होते, साखळी तेवढी आखूड झाली होती. (जेवणानंतरच्या साखरेवरून अन्नपदार्थांना गुण देणारा ग्लायसेमिक इंडेक्सही पुढे १९८१ मध्ये याच जेंकिन्सनी मांडला.)

याखेरीज चिकट तंतू पित्ताम्लांना अडकवून शौचावाटे बाहेर नेतात. ती भरून काढायला यकृत रक्तातलं कोलेस्टेरॉल वापरतं, त्यामुळे एलडीएल, म्हणजे 'वाईट' कोलेस्टेरॉल, थोडं उतरतं. मधुमेहींमध्ये हृदयविकाराचा धोका जास्त असल्याने हा फायदा दुय्यम मानू नये.

आतड्यातल्या जिवाणूंचा याच्याशी काय संबंध?

आपण जे पचवू शकत नाही ते मोठ्या आतड्यातले जिवाणू आंबवतात. त्यातून अ‍ॅसिटेट, प्रोपिओनेट आणि ब्युटिरेट ही छोटी मेदाम्लं तयार होतात. ब्युटिरेट हे मोठ्या आतड्याच्या अस्तरपेशींचं मुख्य इंधन. शिवाय ही मेदाम्लं आतड्यातल्या 'एल' पेशींवरच्या ग्राहींना जाऊन चिकटतात आणि त्या पेशी जीएलपी-१ आणि पीवायवाय ही संप्रेरकं सोडतात. जीएलपी-१ मुळे जेवणानंतर इन्सुलिन जास्त सुटतं, जठर सावकाश रिकामं होतं आणि भूकही थोडी कमी होते.

इथे चिकटपणाची अट नाही. इन्युलिन पाण्यात विरघळतं पण फारसं घट्ट होत नाही, तरी जिवाणूंना ते आवडतं. उलट इसबगोल छान घट्ट होतं, पण जिवाणू त्याला फारसं आंबवू शकत नाहीत. एकाच जातीच्या तंतूवर भिस्त ठेवू नये असं आहारतज्ज्ञ सांगतात, त्यामागे हे एक कारण आहे.

चीनमधल्या एका चाचणीचा अहवाल २०१८ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात आला. टाइप २ च्या रुग्णांना अनेक प्रकारचे तंतू भरपूर असलेला आहार दिल्यावर ही मेदाम्लं बनवणाऱ्या काही निवडक जिवाणूंची वाढ झाली, आणि ज्यांच्यात ती जास्त झाली त्यांचं एचबीएवनसीही (मागच्या काही महिन्यांतली सरासरी साखर दाखवणारी रक्ततपासणी) जास्त सुधारलं. मात्र दोन्ही गटांना अकार्बोज हे साखर कमी करणारं औषधही चालू होतं. समाजमाध्यमांवर फिरणाऱ्या चित्रांत नेमकं हेच वाक्य गाळलेलं असतं.

मग हे 'नैसर्गिक ओझेम्पिक' आहे म्हणतात ते खरं का?

नाही. शरीरात तयार होणारं जीएलपी-१ दोनेक मिनिटांत निकामी होतं. ओझेम्पिक या मधुमेहाच्या इंजेक्शनमधलं, जीएलपी-१ सारखंच काम करणारं सेमाग्लुटाइड मुद्दाम असं घडवलंय की आठवड्याला एक इंजेक्शन पुरतं. तंतूंनी जीएलपी-१ वाढतं ते थोडं आणि थोडा वेळ. यंत्रणेचा एक धागा सारखा आहे, ताकद सारखी नाही.

हे रेणू रक्तात जाऊन पेशींवर थेट काम करतात का?

अखंड स्वरूपात जवळजवळ नाहीच. या साखळ्यांचं रेणुभार हजारोंपासून लाखो डाल्टनपर्यंत (डाल्टन म्हणजे रेणूचं वजन मोजायचं एकक) असतो, आणि आतड्याची भिंत इतके मोठे रेणू सहसा आत घेत नाही. त्यामुळे 'अमुक पॉलिसॅकराइड स्नायूंच्या पेशींत इन्सुलिनचा संदेशमार्ग जागा करतं' असं वाचलं तर आधी बघा, ते पेशींवर बशीत ओतून पाहिलंय की कुणाला खायला देऊन. बशीतल्या पेशीपर्यंत ते हाताने पोचवलेलं असतं. जेवणातून ते तिथवर पोचेल, हे वेगळं सिद्ध करावं लागतं.

माणसांवरचा पुरावा कितपत भक्कम आहे?

चिकट तंतूंच्या बाबतीत चांगला. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका एकत्रित विश्लेषणात टाइप २ च्या रुग्णांवरच्या २८ तुलना तपासल्या होत्या. रोजचा मध्यक डोस सुमारे १३ ग्रॅम. एचबीएवनसी सरासरी ०.५८ ने उतरलं, म्हणजे ८ असलेलं ७.४ च्या आसपास आलं. उपाशीपोटीची साखर साधारण १५ मिलिग्रॅमने कमी झाली. बहुतेक जण आपली नेहमीची औषधं घेतच होते, त्यामुळे हा फायदा औषधांच्या वरचा आहे.

हे नजरेत भरण्यासारखं आहे, पण किती ग्रॅमला हे मिळालं तेही बघा. पाचशे मिलिग्रॅमच्या कॅप्सूलमधून १३ ग्रॅम पोटात जायला रोज सव्वीस कॅप्सूल गिळाव्या लागतील.

त्याआधी २००० मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये एक छोटी पण नीट आखलेली चाचणी आली होती. तेरा रुग्णांना सहा आठवडे रोज २४ ग्रॅम तंतूंचा आणि सहा आठवडे ५० ग्रॅम तंतूंचा आहार दिला. तंतू पुड्यांतून न देता साध्या अन्नातूनच दिले. पन्नास ग्रॅमच्या काळात जेवणाआधीची साखर सरासरी १३ मिलिग्रॅमने कमी राहिली.

इसबगोलाबद्दल एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. ज्यांची साखर मुळात नॉर्मल आहे त्यांच्यात काही फरक पडत नाही, आणि ज्यांची जास्त बिघडलेली आहे त्यांच्यात जास्त पडतो. प्रतिबंध म्हणून निरोगी माणसाने इसबगोल घेऊन ग्लुकोमीटरवर चमत्कार शोधू नये. दुसऱ्या बाजूने, उपाशीपोटी साखर १८० असलेल्याला शेजाऱ्याच्या अनुभवापेक्षा जास्त फरक दिसला तर त्यातही नवल नाही.

दुसऱ्या गटातल्या अर्कांबद्दल असं सांगता येत नाही. चाचण्या आहेत, पण लहान, कमी मुदतीच्या आणि प्रत्येकीत वेगळा अर्क.

पण उंदरांमध्ये साखर निम्म्यावर आली असं वाचलं!

आली असेल. आता तो उंदीर मधुमेही कसा झाला ते पाहू. बऱ्याच प्रयोगांत त्याला स्ट्रेप्टोझोटोसिन टोचतात. या रेणूत ग्लुकोजचा तुकडा असतो, त्यामुळे स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या बीटा पेशी त्याला साखर समजून आत घेतात आणि मरतात. टाइप २ मध्ये असं होत नाही. तिथे वर्षानुवर्षं इन्सुलिनला दाद न देणारं शरीर आणि हळूहळू थकत जाणारं स्वादुपिंड असतं. विषाने मारलेल्या पेशींना अँटिऑक्सिडंट गुणाच्या अर्काने थोडं वाचवलं, म्हणून पन्नाशीतल्या माणसाचा मधुमेह बरा होईल असा अर्थ निघत नाही.

दुसरी अडचण मात्रेची. उंदरांच्या प्रयोगात किलोमागे २०० मिलिग्रॅम, ४०० मिलिग्रॅम असे आकडे दिसतात. रॅटची (प्रयोगातल्या मोठ्या उंदराची) मात्रा माणसाला लावताना प्रचलित नियमाप्रमाणे ६.२ ने भागतात. म्हणजे २०० ची होते सुमारे ३२, आणि ६० किलोच्या माणसाला रोज जवळपास २ ग्रॅम शुद्ध पॉलिसॅकराइड. डबीवर किती लिहिलंय ते ताडून पाहा.

तिसरी गोष्ट क्वचितच बोलली जाते. उंदीर-घुशींचं अंधांत्र (मोठ्या आतड्याच्या सुरुवातीची पिशवी) त्यांच्या शरीराच्या मानाने बरंच मोठं असतं आणि तंतू आंबवण्याची त्यांची क्षमता आपल्यापेक्षा वेगळी असते. जिवाणूंवर अवलंबून असलेला परिणाम त्यांच्यात मोठा आणि आपल्यात बारीक निघाला, तर ते अपेक्षितच आहे.

प्राण्यांवरचे प्रयोग निरुपयोगी आहेत असं मी म्हणत नाही. पुढे कशाची चाचणी घ्यायची हे त्यांतून कळतं. खरेदीचा निर्णय मात्र त्यांच्यावर घेऊ नये.

परीक्षानळीत अल्फा-ग्लुकोसिडेज रोखलं असं बऱ्याच अर्कांबद्दल लिहिलेलं असतं. ते काय?

लहान आतड्याच्या अस्तरावरचं हे एन्झाइम शेवटच्या टप्प्यावर साखर मोकळी करतं. अकार्बोज हे औषध त्यालाच अडवतं. गंमत म्हणजे अकार्बोज स्वतः चार तुकड्यांची साखरेसारखी छोटी साखळी आहे, पण ती वनस्पतीतली नसून एका जिवाणूपासून मिळते.

वनस्पतींच्या अर्काबाबत सावध राहायचं कारण असं की पॉलिसॅकराइडला पॉलिफेनॉल (वनस्पतींतली एक वेगळीच जातीची संयुगं) घट्ट चिकटून येतात. तपकिरी रंगाचा 'पॉलिसॅकराइड' अर्क बघितला की त्यात ते असणार असं समजायला हरकत नाही. पॉलिफेनॉल स्वतःच हे एन्झाइम चांगलं रोखतात. अर्क पुरेसा शुद्ध न करता चाचणी घेतली तर श्रेय भलत्यालाच जातं.

डबीवर '४० टक्के पॉलिसॅकराइड' लिहिलं असेल तर माल चांगला ना?

ते ४० टक्के मोजले कसे, ते आधी पाहू.

अर्क काढायची नेहमीची रीत अशी. वाळलेला पाला किंवा मूळ गरम पाण्यात काही तास ठेवतात, गाळतात, आटवतात आणि त्यात तिप्पट-चौपट अल्कोहोल ओततात. पॉलिसॅकराइड अल्कोहोलमध्ये विरघळत नाहीत, त्यामुळे पांढुरके-तपकिरी धागे आणि गाठी होऊन ते खाली बसतात. त्यात प्रथिनं असतात, क्षार असतात, रंगद्रव्यं असतात. संशोधक पुढे प्रथिनं काढतात, बारीक छिद्रांच्या पडद्यातून छोटे रेणू वेगळे करतात (डायालिसिस), स्तंभातून गाळून वेगवेगळे भाग पाडतात. बाजारू अर्क बहुधा गाठींच्या टप्प्यावरच सुकवतात.

सुकवताना पूड चिकट होऊ नये म्हणून त्यात माल्टोडेक्स्ट्रिन मिसळणं ही सर्रास पद्धत आहे. माल्टोडेक्स्ट्रिन म्हणजे तोडलेला स्टार्च. आता मोजणी. सर्वांत स्वस्त आणि सर्वांत वापरली जाणारी चाचणी फिनॉल-सल्फ्युरिक आम्लाची. आम्ल सगळ्या साखळ्या तोडून टाकतं, फिनॉलने नारिंगी-पिवळा रंग येतो, तो ४९० नॅनोमीटरवर मोजतात. साखर कुठून आली हे या रंगाला कळत नाही. जिनसेंगची साखळी आणि मिसळलेलं माल्टोडेक्स्ट्रिन, दोन्ही त्याच आकड्यात जमा होतात.

म्हणून नुसत्या टक्क्याला फारसा अर्थ नाही. कुठकुठल्या साखरा कोणत्या प्रमाणात आहेत, रेणुभार किती, स्टार्च आणि माल्टोडेक्स्ट्रिन वेगळे मोजलेत का, हे विचारा. उत्तर आलं नाही तर पैसे वाचले.

आकडा खरा धरला तरी हिशेब करून पाहा. ५०० मिलिग्रॅमच्या दोन कॅप्सूल म्हणजे १ ग्रॅम, त्याचे ४० टक्के म्हणजे ४०० मिलिग्रॅम. चिकट तंतूंच्या चाचण्यांतल्या १३ ग्रॅमच्या ते बत्तिसाव्या हिश्श्याइतकंही भरत नाही.

ओट्स खाल्ले की झालं का?

युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०११ मध्ये जो दावा मान्य केला त्याची अट अशी: जेवणातल्या पचणाऱ्या दर ३० ग्रॅम कर्बोदकांमागे ओट्स किंवा जवातलं किमान ४ ग्रॅम बीटा-ग्लुकन. साध्या ओट्समध्ये बीटा-ग्लुकन असतं ४ टक्क्यांच्या आसपास. म्हणजे ४ ग्रॅमसाठी १०० ग्रॅम कोरडे ओट्स, आणि त्यांच्याबरोबर साठीच्या घरात ग्रॅम कर्बोदकंही आली. अट तिथेच मोडली. कोंड्यात प्रमाण बरंच जास्त असतं, म्हणून ओट्सचा कोंडा या कामी अधिक उपयोगाचा.

ओट्स वाईट आहेत असा याचा अर्थ नाही. मैद्याच्या तुलनेत ते उजवेच. पण 'ओट्स कितीही खा, साखर वाढत नाही' ही समजूत ग्लुकोमीटर पहिल्याच दिवशी खोडून काढतो.

शिजवल्याने, दळल्याने किंवा साठवल्याने गुण जातो का?

साखळी लांब राहिली तर गुण राहतो. पीठ मळून आंबवताना धान्यातलीच एन्झाइमं बीटा-ग्लुकनचे तुकडे करतात, त्यामुळे पावातलं बीटा-ग्लुकन लापशीतल्याइतकं घट्ट होत नाही. अगदी बारीक दळलेले, झटपट तयार होणारे प्रकारही जाडसर दाण्यापेक्षा लवकर पचतात. 'पाण्यात पूर्ण विरघळतं, चव नाही, घट्टपणा नाही' अशी जाहिरात असलेला गवार गम बहुधा आधीच तोडलेला असतो. बद्धकोष्ठतेला तो चालेल. जेवणानंतरच्या साखरेसाठी तो घेण्यात अर्थ नाही. जेंकिन्सच्या प्रयोगात नेमका तोच निकामी ठरला होता.

थंड केलेल्या भात-बटाट्याने साखर कमी वाढते, हे खरं का?

थोडंसं. शिजलेला स्टार्च थंड झाला की त्यातला काही भाग पुन्हा घट्ट रचनेत बसतो आणि अमायलेजला दाद देत नाही. त्याला प्रतिरोधी स्टार्च म्हणतात. पण हा भाग लहान असतो, बाकीचा स्टार्च नेहमीसारखाच पचतो. थंड म्हणून दुप्पट वाढून घेतलं तर हिशेब तोट्याचाच.

मेथीबद्दल काय?

मेथीचा जवळपास निम्मा दाणा तंतूंचाच, आणि त्यातला मोठा वाटा गॅलॅक्टोमॅननचा. शिवाय ४-हायड्रॉक्सिआयसोल्युसिन नावाचं अमायनो आम्लही त्यात आहे, जे साखर वाढलेली असतानाच इन्सुलिन सोडायला मदत करतं असं प्रयोगशाळेत दिसलं आहे. म्हणून मेथीचा सगळा परिणाम पॉलिसॅकराइडच्या खात्यावर टाकता येत नाही.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेतल्या संशोधकांनी १९९० मध्ये टाइप १ च्या रुग्णांवर केलेला अभ्यास नेहमी पुढे केला जातो. साखर खरोखरच उतरली होती. त्यात रोज १०० ग्रॅम तेल काढलेली मेथीपूड दिली होती, हे मात्र सांगायचं राहून जातं. रात्रभर भिजवलेले चमचाभर दाणे आणि १०० ग्रॅम पूड या गोष्टी एका तागडीत घालता येणार नाहीत. चमचाभर मेथी खायला काहीच हरकत नाही. अपेक्षाही चमच्याएवढीच ठेवा.

कारल्याचा किंवा कोरफडीचा रस?

कारल्यात पॉलिसॅकराइडबरोबर इतरही घटक आहेत आणि माणसांवरचे निष्कर्ष एका सुरात नाहीत. कोरफडीबाबत एक सावधगिरी: पानाच्या सालीलगतचा पिवळा चीक तीव्र रेचक असतो. तो नीट काढलेला नसेल तर जुलाब होतात.

औषधं बंद करता येतील का?

स्वतःहून अजिबात नाही. साखर खरंच उतरत असेल तर मात्रा कमी करायची की नाही हे डॉक्टर नोंदी बघून ठरवतील.

टाइप १ मध्ये उपयोग होतो का?

इन्सुलिनला पर्याय म्हणून नाही. टाइप १ मध्ये बीटा पेशी जवळजवळ उरलेल्याच नसतात, आणि १९२२ मध्ये पहिल्या रुग्णाला इन्सुलिन टोचलं जाण्यापूर्वी हा आजार म्हणजे मृत्यूच होता. 'नैसर्गिक उपचारा'साठी मुलाचं इन्सुलिन थांबवलं आणि काही दिवसांत कीटोअ‍ॅसिडोसिसने (इन्सुलिनअभावी रक्त आम्लधर्मी होण्याच्या जीवघेण्या अवस्थेने) गाठलं, असे प्रकार आजही घडतात. जेवणानंतरचा उंचवटा सौम्य करायला तंतू इथेही मदत करतात, पण त्यामुळे इन्सुलिनची वेळ आणि अन्न शोषण्याची वेळ चुकू शकते. घेण्याआधी डॉक्टरांशी बोला.

घ्यायचंच ठरवलं तर किती आणि कसं?

इसबगोलाचं उदाहरण घेऊ. रोज ३ ग्रॅमच्या आसपास सुरुवात करा आणि दर आठवड्याला थोडं वाढवत, दोन-तीन वेळांत वाटून, १० ग्रॅमपर्यंत जा. दर वेळी किमान एक मोठा ग्लास पाणी, आणि ढवळल्या ढवळल्या प्यायचं. वेळ जेवणाची किंवा जेवणाच्या जरा आधीची. झोपताना घेतलेल्या इसबगोलाने सकाळी पोट साफ होईल, पण रात्रीच्या जेवणानंतरची साखर तोवर वर चढून खाली आलेली असते.

अन्नातूनच तंतू वाढवता आले तर उत्तम. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना रोज किमान २५ ग्रॅम तंतू सुचवते; मधुमेहींसाठी ३५ ग्रॅमच्या आसपासचा आकडा संशोधकांनी मांडला आहे.

दुष्परिणाम?

पोट फुगणं, गॅस, गुडगुड. एकदम जास्त घेतलं तर हमखास. इन्युलिनने हे सर्वांत जास्त होतं, इसबगोलाने त्यामानाने कमी. मेटफॉर्मिन नुकतंच सुरू केलं असेल तर दोन्ही एकाच आठवड्यात सुरू करू नका, नाहीतर जुलाब कशाने झाले ते कळणार नाही.

खरा धोका अडकण्याचा. कोंजॅक ग्लुकोमॅननच्या गोळ्या अन्ननलिकेतच फुगून बसल्याच्या घटनांनंतर १९८० च्या दशकात ऑस्ट्रेलियात त्या गोळ्यांवर बंदी आली. कोंजॅकच्या छोट्या जेली-कपांनी मुलं गुदमरल्यावर युरोपीय संघानेही त्यांच्यावर बंदी घातली. म्हणून असे तंतू कोरडे गिळू नयेत, आणि गिळताना त्रास होणाऱ्यांनी, आतड्यात अडथळा किंवा अरुंदपणा असलेल्यांनी ते घेऊच नयेत. मधुमेहाने जठराच्या नसा खराब होऊन अन्न आधीच तुंबत असेल, तर जठर आणखी मंद करणारी वस्तू घेणं म्हणजे आगीतून फुफाट्यात.

माझ्या चालू गोळ्यांवर परिणाम होईल का?

होऊ शकतो. घट्ट गोळ्यात औषधही अडकतं. गवार गममुळे मेटफॉर्मिनचं शोषण कमी झाल्याचं दिसलं आहे. थायरॉइडची गोळी, लिथियम, कार्बामाझेपिन यांबाबतही काळजी घ्यावी लागते. सर्वसाधारण नियम असा की औषध तंतूंच्या तासभर आधी किंवा दोन ते चार तास नंतर घ्या. थायरॉइडच्या गोळीत चार तासांचं अंतर पाळा.

इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइडसारख्या गोळ्या चालू असतील तर साखर प्रमाणाबाहेर उतरू शकते. घाम, थरथर, एकदम भूक अशी लक्षणं दिसली तर साखर तपासा.

वनस्पतींमधून मधुमेहाची खरी औषधं कधी निघालीच नाहीत का?

निघाली की. गलेगा ऑफिसिनॅलिस या झुडपातल्या गॅलेजिनचा माग काढत मेटफॉर्मिन आलं. सफरचंदाच्या झाडाच्या सालीतून १८३५ मध्ये वेगळ्या केलेल्या फ्लोरिझिनवरून पुढे लघवीतून साखर बाहेर टाकणारी एसजीएलटी-२ गटातली औषधं घडली.

ही दोन्ही छोटे, ठरावीक रचनेचे रेणू आहेत. ते कारखान्यात हुबेहूब बनवता येतात, त्यांचं मोजमाप करता येतं, त्यांत बदल करता येतात. पॉलिसॅकराइडचं तसं नाही. झाडाचं वय, माती, हंगाम, पाण्याचं तापमान यांतलं काहीही बदललं की साखळीची लांबी आणि फांद्या बदलतात. एकाच नावाच्या दोन अर्कांत प्रत्यक्षात दोन वेगळ्या वस्तू असू शकतात. एकाची चाचणी यशस्वी झाली तरी दुसऱ्याला त्याचा फायदा सांगता येत नाही. हेपरिनसारखं पॉलिसॅकराइड औषध म्हणून वापरात आहे, पण ते प्राण्यांपासून मिळतं, टोचावं लागतं आणि त्याचं प्रमाणीकरण हे एक स्वतंत्र शास्त्रच आहे.

गरोदरपणात, लहान मुलांना, किडनीच्या आजारात?

अन्नातले तंतू चालतात. अर्कांच्या कॅप्सूल गरोदरपणात आणि मुलांना नकोत. किडनीच्या आजारात पाण्यावर मर्यादा असेल तर फुगणारे तंतूही विचारूनच.

मला उपयोग होतोय की नाही हे कसं ओळखू?

एकच जेवण दोन वेगळ्या दिवशी घ्या, पदार्थ आणि प्रमाण तेच. एका दिवशी तंतूंसह, एका दिवशी त्यांच्याविना. पहिल्या घासापासून एक तास आणि दोन तासांनी साखर मोजा. तंतूंच्या दिवशी एक तासाचा आकडा खाली आला आणि दोन तासांचा जवळपास तसाच राहिला, तर अपेक्षित तेच घडतंय. असं दोन-तीन वेळा करून पाहा, कारण झोप, चालणं आणि ताण यांनीही आकडे हलतात.

एचबीएवनसी मागच्या साधारण तीन महिन्यांची सरासरी सांगतं, त्यामुळे ते महिन्याभरात परत करून काही कळणार नाही. तीन महिने औषधं आणि आहार फारसा न बदलता काढा आणि शक्यतो त्याच प्रयोगशाळेत तपासा. ७.८ चं ७.७ झालं तर तो तपासणीतला चढउतारही असू शकतो. ७.८ चं ७.३ झालं, तर डॉक्टरांकडे जाताना दोन्ही अहवाल आणि ग्लुकोमीटरची वही बरोबर न्या.